जुन्या मारुतीची पुढची कांब

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने ताळेबंद सोडून मोटारीच्या पोटाखालच्या एका लोखंडी कांबीवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. आमच्या संपादक सरांनाही वाटले. पण गेल्या दिवाळीच्या सुटीत मी आदिलाबादला घरी गेलो असताना या कांबीने आम्हा चौघांना जवळजवळ कापसाच्या ट्रकखाली नेऊन घातले होते, आणि पुढे तीच कांब बदलताना मी दोन दिवस तिच्या सहवासात काढले. तेव्हा तिच्याविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला पोचतो असे मी समजतो.

आधी थोडे घरचे. पैनगंगेच्या दक्षिणेला, तेलंगणात राहूनही आमच्या घरात मराठी बोलली जाते. माझी शाळाही मराठी माध्यमाची. आई बिदरकडची, त्यामुळे कन्नड मला शिकावी लागली नाही. बाजारात तेलुगू आणि गॅरेजात दखनी, असा आमच्या गावाचा कारभार आहे. मोठ्या काकांकडे एक पांढरी मारुती ८०० आहे. तिच्या पाटीवर अजून ए.पी.-०१ आहे. संयुक्त आंध्र प्रदेशात हा आदिलाबाद जिल्ह्याचा संकेतांक होता. २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाल्यावर नव्या गाड्यांना टी.एस.-०१ मिळू लागला, आणि मार्च २०२४ पासून टी.जी.-०१. मधल्या काळात, ऑक्टोबर २०१६ मध्ये, जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. काकांच्या गाडीने एकाच अंगणात उभे राहून हे सगळे पाहिले आहे. काका निवृत्त शिक्षक, आणि गाडीवर त्यांचा जीव आहे हे सांगायला नको.

प्रसंग असा. भाऊबीजेनंतर आम्ही जैनथला लक्ष्मीनारायणाच्या दर्शनाला गेलो होतो. काका गाडी चालवत होते, शेजारी आजी, मागे काकू आणि मी. परतताना समोर एक बैलगाडी वळली म्हणून काकांनी ब्रेक दाबला. खालून खट् असा आवाज आला आणि गाडीने एकदम उजवीकडे झेप घेतली. समोरून कापूस भरलेला ट्रक येत होता. काकांनी स्टिअरिंग डावीकडे ओढले आणि त्याच क्षणी ब्रेकवरचा पाय काढला. पाय काढताच गाडी सरळ झाली. ट्रक हॉर्न देत गेला. आजीने डोळे मिटून घेतले होते. तिने ते घरी येईपर्यंत उघडले नाहीत.

ब्रेक दाबला की गाडी ओढते आणि सोडला की सरळ होते, हे लक्षण पुढे फार उपयोगी पडले. काकांना वाटले, ब्रेकचाच दोष. शेजाऱ्यांना वाटले, टायरमधली हवा. काकांचा एक स्नेही म्हणाला की बॅलन्स रॉड गेला असेल, पण त्याचे एवढे काही नसते, काढून टाका, गाडी त्याच्याशिवायही चालते. हा सल्ला कित्येक गाड्यांच्या बाबतीत फारसा चूक नाही. मारुती ८००च्या बाबतीत मात्र तो जिवावर बेतणारा आहे. तो का, हेच या लेखाचे मुख्य कारण.

या कांबीची नावे फार. अमेरिकेत तिला स्वे बार म्हणतात, इंग्लंडात अँटी-रोल बार, आपल्याकडे पार्टच्या डब्यावर स्टॅबिलायझर बार असे छापलेले असते, आणि गॅरेजात सर्रास बॅलन्स रॉड. मी कांब म्हणतो, कारण तो शब्द आपला आहे. कन्नडमध्ये कंबी, तेलुगूतही कंबी. कोणाची कोणाकडून आली हे भाषेच्या प्राध्यापकांनी सांगावे.

आता तिचे काम. गाडी वळणावर वेगाने गेली की तिचे अंग बाहेरच्या बाजूला कलते. कारण साधे आहे. गाडीला वळवणारे बळ टायर जिथे जमिनीला टेकतात तिथे लागते, आणि गाडीच्या वजनाचा मध्य मात्र त्याहून बराच वर असतो. खाली पाय धरून ठेवलेल्या माणसाला वर धक्का दिला तर तो जसा कलंडतो, तसेच हे. मग बाहेरच्या चाकावरची स्प्रिंग दबते, आतल्या चाकावरची मोकळी होते, आणि आत बसलेले एकमेकांच्या अंगावर जातात. स्प्रिंग कडक करून हा कल कमी करता येईल, पण मग प्रत्येक खड्ड्याला हाडे खिळखिळी होतील. सरळ रस्त्यावर मऊ आणि वळणावर कडक, असे काहीतरी हवे.

ते काम ही कांब करते. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची, स्प्रिंगच्या पोलादाची ही कांब गाडीच्या रुंदीभर आडवी असते. मधला भाग दोन रबरी बुशांमध्ये धरून गाडीच्या अंगाला बसवलेला, आणि दोन टोके दोन चाकांच्या बाजूच्या आर्मला जोडलेली. दोन्ही चाके एकदम वर गेली, समजा गतिरोधकावर, तर कांब बुशांमध्ये नुसती फिरते. तिला काही करावे लागत नाही. पण एक चाक वर आणि एक खाली झाले, की तिचे एक टोक वर जाते, दुसरे खाली, आणि मधला भाग ओल्या पंचासारखा पिळला जातो. पोलाद पिळाला विरोध करते. हा विरोध म्हणजेच कल आवरण्याचे बळ. मारुती ८००च्या माहितीपत्रकात पुढच्या सस्पेन्शनपुढे जे शब्द छापलेले असत त्यांचा मराठीत अर्थ एवढाच होतो: पिळाने कल आवरणारे साधन.

वाणिज्यच्या मित्रांसाठी यात एक गंमत आहे. अशा कांबीचा विरोध तिच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. जाडी दुप्पट केली तर विरोध सोळापट. जाडी फक्त दहा टक्क्यांनी वाढवली, २० मिलिमीटरची २२ केली, तर विरोध १.४६ पट होतो. हा आकडा कुठे पाहिला आहे असे वाटते ना? दर साल दर शेकडा १० दराने चार वर्षांच्या चक्रवाढ व्याजाचा हा आकडा आहे, १.४६४१. कांब आपल्या जाडीवर चक्रवाढ व्याज घेते. मला पदार्थविज्ञान कधी कळले नव्हते, पण हे कळले.

मग कांब जाडजूड का करू नये? कारण ती दोन चाकांना एकमेकांशी बांधते. डावे चाक खड्ड्यात गेले की त्याचा धक्का तिच्यावाटे उजवीकडे पोचतो. पुढची कांब फार कडक केली तर वळणावर बाहेरच्या पुढच्या टायरवर जास्त भार येतो आणि गाडी वळायचे सोडून सरळ जाऊ पाहते. आमच्याकडच्या, पावसाळ्यात काळ्या मातीत रुतणाऱ्या आणि उन्हाळ्यात तडकणाऱ्या रस्त्यांवर कंपनीने दिलेली जाडी पुरे आहे. शहरातली काही मुले गाडी धावण्याच्या शर्यतीची करण्यासाठी जाडी कांब घालतात. त्यांनी घालावी.

कल्पना जुनी आहे. अशा कांबीचे पहिले पेटंट कॅनडातील स्टीफन कोलमन यांना १९१९ साली मिळाले. पण आपल्या गोष्टीत महत्त्वाचे नाव दुसरे आहे: अर्ल मॅकफर्सन. हे अमेरिकन इंजिनियर फोर्ड कंपनीत होते. पुढच्या प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म देण्याऐवजी त्यांनी वरचा आर्म काढून टाकला. शॉकॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग यांचा एकच उभा खांब केला आणि त्यालाच चाक बसवले. १९५० साली इंग्लंडात दाखवलेल्या फोर्ड कॉन्सलमध्ये ही रचना लोकांनी पाहिली. त्यात आणखी एक काटकसर होती. खालचा आर्म एकच, सडपातळ, आत एका बोल्टवर बसलेला. असा आर्म चाकाला आत-बाहेर जाऊ देत नाही, पण पुढे-मागे सरकण्यापासून तो एकटा रोखू शकत नाही. त्यासाठी आणखी एक दांडा लागतो. मॅकफर्सन यांनी तो वेगळा दांडा न देता हीच कांब त्या कामाला लावली. एका नोकरावर दोन कामे.

१४ डिसेंबर १९८३ रोजी गुडगावच्या कारखान्यातून पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती गेली. तिच्या पुढच्या बाजूची रचना याच काटकसरीची आहे. ७९६ सी.सी.चे इंजिन आणि १२ इंची चाके असलेल्या, हलक्या आणि स्वस्त हव्या असलेल्या गाडीला ती शोभून दिसते. कांब पुढून, बंपरच्या मागून येते. तिची टोके मागे वळून खालच्या आर्मच्या भोकातून आरपार जातात. आर्मच्या पुढे एक रबरी बुश, मागे एक, त्यांना वाटीसारखे वायसर, आणि शेवटी टोकाच्या आट्यांवर खाचांचा नट. नट सुटू नये म्हणून आरपार स्प्लिट पिन.

आता ब्रेक दाबल्यावर काय होते ते पाहा. गाडी पुढे जाऊ पाहते, रस्ता चाकाला मागे ओढतो. हे मागे ओढणे आर्म एकटा सहन करू शकत नाही. तो ताण कांबीवर येतो, आणि कांबीच्या टोकाला तो सगळा त्या एका नटावर. नट ढिला असेल, बुश चिरडला असेल किंवा आटे गेले असतील, तर चाक खट्कन मागे सरकते. एकच चाक मागे गेले की पुढची दोन चाके एका रेषेत राहत नाहीत आणि गाडी त्या बाजूला ओढते. ब्रेक सोडला की चाक पुन्हा जागेवर येते. जैनथच्या रस्त्यावर नेमके हेच झाले. ज्या गाड्यांत खालचा आर्म रुंद असतो आणि दोन ठिकाणी बसवलेला असतो, तिथे कांब तुटली तर वळणावर गाडी जास्त झुलेल, एवढेच. म्हणून त्या स्नेह्यांचा सल्ला दुसऱ्या गाडीचा होता. अँबॅसॅडरच्या पुढच्या लांब टॉर्शन बारशीही हिची गल्लत करू नये. ते बार म्हणजे त्या गाडीच्या स्प्रिंगाच होत, त्यांचे काम वेगळे.

काकांच्या ओळखीचे एक वयस्क मिस्त्री आहेत. त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी गाडीखाली बॅटरी लावली, उजव्या चाकामागे टॉमी अडकवून ढकलली, आणि चाक बोटभर मागे गेलेले मला दाखवले. म्हणाले, "देख बेटा, ब्रेक कू कायकू गाली देतंय?" मागच्या वर्षी रस्त्यावरच्या एका गॅरेजात काकांनी बुश बदलून घेतले होते. तिथे कोणीतरी अडकलेले टोक बाहेर काढण्यासाठी आट्यांवरच हातोडी मारली होती. मग नट पूर्ण बसला नाही, आणि स्प्लिट पिनच्या भोकापर्यंत तो पोचत नाही म्हणून पिनऐवजी साधी तार गुंडाळली होती. तार गंजून तुटली. ज्याने ती गुंडाळली त्याला आठवतही नसेल. मला हे पाहून जेवढा राग आला तेवढा ट्रक पाहून आला नव्हता.

चाचांचा निर्णय झाला, की नुसते बुश घालून भागणार नाही. एक तर आटे गेलेले. दुसरे, मधल्या बुशांच्या जागी धूळ आणि वाळू शिरून कांब घासली होती. बोट फिरवले की खळगा लागत होता. आपण हिशेबात घसारा म्हणतो तो मूळचा हाच शब्द. जाडी दहा टक्के कमी झाली तर त्या जागी पिळाला विरोध ६५ टक्क्यांवर येतो, कारण चौथा घात उलटाही चालतो. आणि कांब तुटायची झाली तर अशाच खळग्यातून तडकते. टोकाला वेल्डिंग करून नवे आटे पाडायची कल्पना काकांनी मांडली. चाचांनी कानावर हात ठेवले. स्प्रिंगच्या पोलादाला विशिष्ट तापमान देऊन, विझवून त्याचा चिवटपणा आणलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तो जोडाच्या आसपास नाहीसा होतो आणि कांब तिथेच काचेसारखी तुटू शकते.

मारुती ८००चे उत्पादन १८ जानेवारी २०१४ रोजी थांबले, पण इतक्या लाखो गाड्या रस्त्यावर आलेल्या असल्याने सुटे भाग अजून मिळतात. आमची नवी कांब, मधले दोन बुश, टोकांचे चार बुश, वायसर, नट आणि पिना हे सगळे नागपूरहून बसने आले. जुन्या बाजारातली, दुसऱ्या गाडीची काढलेली कांब एक-तृतीयांश किमतीत मिळत होती. मी, हिशेब शिकणारा, आधी तिच्याच बाजूने होतो. पण दुसऱ्याच्या कांबीचा घसारा आपल्या वहीत दिसत नाही, हे मला काकांनी ऐकवले. ते गणिताचे शिक्षक होते.

आता प्रत्यक्ष काम. हे वाचून कोणी एकट्याने गाडीखाली शिरू नये. जाणता मिस्त्री जवळ हवाच. पण काम चालू असताना काय पाहायचे ते मालकाला ठाऊक असावे.

आदल्या रात्री चाचांनी सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवायला सांगितले. सकाळी गाडी सपाट फरशीवर, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. मग पुढच्या दोन्ही बाजू उचलून चॅसीखाली लोखंडी घोड्या लावल्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली चाचा स्वतः जात नाहीत आणि दुसऱ्याला जाऊ देत नाहीत. विटांचे थर लावणाऱ्यांना ते शिव्या देतात, कारण वीट इशारा न देता फुटते. दोन्ही चाके एकदम उचलण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते मला आपोआप सुचले याचा मला अभिमान वाटतो: एकच बाजू उचलली तर कांब पिळलेली राहते, आणि पिळलेल्या कांबीचा नट सोडला तर ती उसळून हाताला लागू शकते.

चाके काढली. तारेच्या ब्रशने टोके साफ केली. डावीकडची पिन पकडीने सरळ करून काढली. उजवीकडे पिन नव्हतीच. मधले दोन पट्टे चॅसीला बोल्टांनी बसवलेले असतात, आणि सगळी भीती या बोल्टांची. बाहेरून साधे, पण त्यांचे आटे चॅसीच्या पत्र्यात. बोल्ट आत तुटला तर तास दोन तासांची भोके पाडण्याची मजुरी. चाचा पाना लावून आधी बोल्ट किंचित आवळतात, मग सोडतात, पुन्हा आवळतात. अशाने गंजाचा थर मोडतो. तिसरा बोल्ट सुटताना करकरला तेव्हा आम्ही तिघेही श्वास रोखून होतो. तो सुटला.

कांब दोन्ही आर्मच्या भोकांत अडकलेली असल्याने ती सरळ बाहेर येत नाही. एका बाजूचा आर्म मोकळा करावा लागतो, मग कांब पुढे सरकवून काढायची. जुनी आणि नवी शेजारी शेजारी फरशीवर ठेवली. हे पाऊल टाळू नये. बाक सारखा आहे का, टोकांची लांबी, आटे, जाडी, सगळे पाहावे. डब्यावरचे नाव बरोबर असले तरी आतला माल वेगळ्या मॉडेलचा निघू शकतो. त्याच वेळी आर्मचे भोक लांबट झाले आहे का आणि चाकाकडच्या बॉल जॉइंटमध्ये खेळ आहे का तेही पाहून घ्यावे. नव्या कांबीला जुना दोष चिकटू नये.

रबरी बुश सहज सरकावेत म्हणून मी ग्रीसचा डबा पुढे केला. चाचांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. पेट्रोलियमच्या तेलाने साधे रबर फुगते आणि मऊ पडते. साबणाचे पाणी लावले. मधल्या बुशांना एक चीर असते, तिच्यातून ते कांबीवर चढतात. टोकांच्या बुशांचे वायसर वाटीसारखे असतात. जुने काढताना त्यांचा क्रम आणि तोंड मी मोबाइलवर टिपून ठेवले होते, ते कामी आले. मग सगळे नट-बोल्ट नुसते हाताने लावले, एकही पूर्ण आवळला नाही.

इथे आमची फजिती झाली. दुपारचे दोन वाजले होते, काकूंनी तिसऱ्यांदा जेवायला हाक मारली होती. मी घाईने डावीकडचा पट्टा आवळला आणि मग उजवीकडचा. चाचा नमाज पढून आले, टेप काढली आणि दोन्ही बाजूंना पट्ट्यापासून बाकापर्यंतचे अंतर मोजले. कांब डावीकडे जवळजवळ दोन बोटे सरकलेली होती. अशी बसली असती तर डावीकडचे टोक बुशाला सतत एका अंगाला दाबत राहिले असते आणि सहा महिन्यांत नवे बुश जुने झाले असते. पुन्हा सगळे सोडले. चाचा एक शब्द बोलले नाहीत, नुसती टेप माझ्या हातात दिली. या वेळी मी दोनदा मोजले.

टोकाचा नट आवळताना दोन गोष्टी. किती जोराने आवळायचा याचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो आणि त्यासाठी टॉर्क पाना मिळतो; चाचांकडे तो आहे, आणि ते तो कापडात गुंडाळून ठेवतात. दुसरी गोष्ट पिनची. नटाची खाच आणि कांबीचे भोक समोरासमोर आले नाही, तर नट मागे फिरवून जुळवायचा नाही, किंचित पुढेच न्यायचा. पिन नेहमी नवी. ती काही पैशांची वस्तू असते, आणि चार माणसे तिच्यावर बसलेली असतात.

आर्मचा आतला बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर उतरवून, तिचे वजन पडल्यावर आवळला. त्या बोल्टाभोवतीचे रबर पिळाने काम करते. चाक लोंबकळत असताना आवळला तर गाडी उतरवताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. मग गाडी पुढे-मागे ढकलून, बंपर दाबून सस्पेन्शन जागेवर बसू दिले आणि दुसऱ्या दिवशी चाकांचे अलाइनमेंट करून घेतले. चाक मागे सरकत असताना जे माप दिसत होते त्याला अर्थच नव्हता, म्हणून ते आधी करून उपयोग नसतो. काही जण उलटे करतात, पैसे दोनदा देतात.

खर्चाविषयी घरात वाद झालाच. माझे वडील म्हणाले, वीस वर्षांच्या गाडीवर एवढा पैसा कशाला? मी वहीत मांडून पाहिले. आयकराच्या नियमांत मोटारीला सर्वसाधारणपणे १५ टक्के घसारा धरतात, दर वर्षी उरलेल्या किमतीवर. दोन लाखांची गाडी दहा वर्षांनी साधारण ३९,००० रुपयांची उरते, वीस वर्षांनी ७,७५० रुपयांची. त्या हिशेबाने आमच्या कांबीचा आणि मजुरीचा खर्च गाडीच्या वहीतल्या किमतीचा मोठा तुकडा होतो, आणि वडील बरोबर ठरतात. पण वहीतली किंमत हा प्रश्नच नव्हता. काकांना दुसरी गाडी घ्यायची नाही, पेन्शनमध्ये ती बसतही नाही. आजीला मोतीबिंदूसाठी नागपूरला न्यायचे ठरलेले होते. म्हणजे तुलना गाडीच्या किमतीशी नव्हे, दुरुस्तीशिवाय महामार्गावर जाण्याशी किंवा भाड्याच्या गाडीशी करायची होती. आणि खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपली की दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. त्यासाठी गाडी तपासायला न्यावी लागते. काकांनी ते एकदा केलेच आहे. वडिलांनी वही पाहिली आणि म्हणाले, "आजीचा हिशेब आधी सांगायचा होतास."

नागपूरला जाताना गाडी मीच चालवली. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ७, आता ४४. आदिलाबाद सोडले की थोड्याच वेळात पैनगंगेचा पूल येतो आणि पलीकडे महाराष्ट्र. पुलाच्या आधी, मागे कोणी नाही असे पाहून, मी मुद्दाम ब्रेक दाबला. एकदा हळू, एकदा जोरात. गाडी रेषेत उभी राहिली. आजीने विचारले, "काय झालं रे?" मी म्हटले, "काही नाही आजी, नंदी ओलांडतोय की काय वाटलं." काका समोर पाहत बसले होते, त्यांना कळले होते.

परत आल्यावर चाचांनी सांगितल्याप्रमाणे चारही पट्ट्यांचे बोल्ट पुन्हा तपासले. एक अर्धा वळसा ढिला निघाला. पिना जागेवर होत्या. जुनी कांब काकांनी भंगारात दिली नाही. स्प्रिंगचे पोलाद म्हणून आमच्या शेतावरच्या लोहाराने ती मागून नेली. बाकाचा भाग तोडून त्याने तिची विळी आणि दोन खुरपी केली, आणि उरलेल्या सरळ तुकड्याची पहार करीन म्हणाला आहे.